डाग घरी चोळून आणू नये

काकूंच्या लाँड्रीत शिरलं की आधी अंगावर वाफ येते आणि मागोमाग काकू येतात. दोन्हींत फरक एवढाच, की वाफ थोड्या वेळाने निवते.

दुकान तसं चिंचोळं. पुढे काउंटर, त्यामागे कमरेएवढ्या उंचीचं इस्त्रीचं टेबल, पलीकडे धुण्याची यंत्रं. छताच्या दांड्यांना इतके शर्ट आणि कोट लोंबत असतात, की नवख्या माणसाला वाटावं, आपल्याआधी बरीच गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत आणि काकूंशी वाद घातल्यामुळे त्यांची मुंडकी गेली आहेत. काउंटरच्या वर एक पाटी आहे. काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली, पण मजकूर काकूंचा : ‘डाग घरी चोळून आणू नये. आहे तसा आणावा.’

ही पाटी सगळे वाचतात आणि कुणीही पाळत नाही. माणसाचा स्वभावच तसा. कपड्यावर चहा सांडला की त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा होतो. लिंबू, मीठ, सोडा, नखांचा रंग उतरवायचं पाणी, जे हाताला लागेल ते तो चोळतो, आणि डागाचा पार नकाशा झाला की भिजल्या मांजरासारखा लाँड्रीत येतो.

“कसला डाग?” काकू विचारतात.

“चहाचा.”

“आणि वरून काय चोळलंत?”

“काही नाही हो.”

काकू कापड नाकाशी नेतात. एकदाच. “लिंबू. आणि ते गेलं नाही म्हणून भांड्यांचा साबण.”

गिऱ्हाईक जमिनीकडे बघतं. मग काकू जे बोलतात ते समोरच्या चपलांच्या दुकानातही ऐकू जातं. तिथला म्हातारा मालक तर म्हणतो, की काकूंचा आवाज ऐकू आला नाही तर मी घड्याळ बंद पडलं असं समजतो.

काकूंनी बोल लावताना भेदभाव कधी केला नाही. बँकेचे साहेब, शाळेच्या बाई, नवरदेवाचे वडील, सगळ्यांना एकच माप. गुडघ्याचे डॉक्टर तर नेहमीचे. त्यांनी एकदा पांढऱ्या कोटावरची शाई दवाखान्यातल्या स्पिरिटने पुसली होती. ठिपका होता, त्याचं तळं झालं. त्या दिवशी काकूंनी त्यांना विचारलं होतं, “तुमच्याकडे कुणी मोडलेला पाय घरीच हातोडीने ठोकून आणला तर तुम्ही काय म्हणाल?” डॉक्टर बिचारे भला माणूस. हसून पावती घेऊन गेले.

दुकानाचा दुसरा नियम खिशांचा. कपडा यंत्रात जाण्याआधी खिसे उलटे करायचे आणि जे निघेल ते गिऱ्हाइकाला परत द्यायचं. किल्ल्या, चष्मे, तिकिटं, एकदा तर अर्धी कवळी. तिचा मालक दोन दिवसांनी आला आणि नुसत्या खुणा करून बोलला. ज्याला कुणी वाली नाही ते बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जायचं. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात हमखास औषधांच्या पट्ट्या सापडायच्या. औषध कंपनीची माणसं नमुने म्हणून खिशात सरकवून जात, आणि डॉक्टर कोटासकट ते धुवायला टाकत. काकू परत द्यायला गेल्या की डॉक्टर म्हणत, “राहू द्या हो काकू, तुमच्याकडेच.”

या ‘तुमच्याकडेच’ने पुढे घात केला.

काकूंचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी बदलला होता. तीस-पस्तीस वर्षं उभं राहून इस्त्री केलेली, जुना गुडघा पार झिजला होता. नवा बसला आणि काकू अशा टुणटुणीत झाल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघ्यावर टिचकी मारून दाखवायच्या. “आतून धातू आहे, धातू! गंजत नाही.” इतकं कौतुक त्यांनी काकांचं लग्नातही केलं नव्हतं.

मग एके दिवशी तो दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग टेबलाशी उभं राहिल्यावर, मग नुसतं बसल्यावरसुद्धा. काकूंनी दुर्लक्ष केलं. पण तळहाताने इस्त्री किती तापली आहे ते ओळखणारी बाई. एकदा सहज गुडघ्यावर हात ठेवला आणि दचकली. डावा गुडघा गार होता. उजवा नुकती बंद केलेली इस्त्री असावी तसा कोमट.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, फोटो काढला, रक्त तपासायला पाठवलं. आकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा ओढला.

“काकू, आत जंतू शिरले असावेत असं वाटतंय.”

“कुठे आत?”

“गुडघ्यात. नव्या सांध्याभोवती.”

उभ्या गावाची घाण काढण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिच्या गुडघ्यात घाण! डॉक्टर पुढे बरंच काही सांगत होते. एका परिषदेसाठी त्यांना आठवडाभर बाहेरगावी जायचं होतं; परत आले की सुईने गुडघ्यातलं पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवायचं, कोणता जंतू आहे ते वाढवून बघायचं; आणि तोवर जंतूंचं कुठलंही औषध चुकूनसुद्धा घ्यायचं नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं आणि नेमकं तेच काकूंनी ऐकलं नाही. त्या ‘घाण’ या शब्दापाशीच अडकून पडल्या होत्या. हा शब्द डॉक्टरांनी उच्चारलाही नव्हता.

इथे काकूंची एक खोड सांगायला हवी. त्यांच्याकडे फरशी पुसायला बाई येते. ती यायच्या आधी काकू घर झाडून, पुसून ठेवतात. काकांनी एकदा कारण विचारलं. “अहो, ती काय म्हणेल? किती घाण आहे या घरात!” असं उत्तर आलं. पुसायला येणारी बाई रोज स्वच्छ फरशी पुसते आणि खुशीत घरी जाते.

तर याच न्यायाने काकूंनी ठरवलं, की डॉक्टर सुई घालतील तेव्हा गुडघा आतून लख्ख असला पाहिजे. पत्र्याचा डबा खाली उतरला. आत डॉक्टरांच्या कोटातली एक भरलेली पट्टी होती, आणि पट्टीवर लिहिलं होतं, जंतुसंसर्गासाठी.

“अगं, विचारून तरी घे,” काका म्हणाले.

“कुणाला विचारू? डॉक्टर गावाला गेलेत.”

“म्हणूनच म्हणतो, थांब.”

“अहो, गोळ्या कुणाच्या खिशातल्या? डॉक्टरांच्या. म्हणाले काय होते? तुमच्याकडेच राहू द्या. मग हे त्यांनीच दिल्यासारखं नाही का झालं?”

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने अशा युक्तिवादाला उत्तर द्यायचं नसतं. काकांनी पाण्याचा पेला आणून दिला.

आठवडाभर काकूंनी सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली. गुडघा जरासा निवला. काकूंनी त्याला शाबासकी दिली.

डॉक्टर आले. सुई टोचली. पाणी निघालं ते गढूळच. काकूंना ते पाहून अपमान झाल्यासारखं वाटलं. नळीतलं थोडं पाणी लगेच तपासलं गेलं. त्यात सूज दाखवणाऱ्या पेशी भरमसाट. उरलेलं जंतू उगवतात का ते बघायला उबेत ठेवलं. दोन आठवडे वाट पाहिली. काहीच उगवलं नाही.

“विचित्र आहे,” डॉक्टर म्हणाले. “सगळी लक्षणं सांगतात जंतू आहे, आणि प्रयोगशाळा म्हणते कुणी नाही. काकू, मधल्या काळात काही औषध घेतलं होतंत का?”

बाई तयारीची. “दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या औषधाला मी हात लावलेला नाही,” त्या ठणकावून म्हणाल्या. शब्दाला शब्द खरं होतं. शेजारी बसलेले काका छताकडे बघायला लागले.

डॉक्टरांनी उसासा टाकला. “मग अवघड आहे. जंतू कोण, तो कशाने मरतो हे कळलं असतं, तर एकाच ऑपरेशनात जुना सांधा काढून, आतलं सगळं खरवडून-धुऊन लगेच नवा बसवायचा विचार केला असता. कोण आहे ते ठाऊक नसताना नवा सांधा बसवला तर ते जंतूच्याच घरात नवी खुर्ची टाकल्यासारखं होईल. मला ते दोन खेपांत करावं लागेल. आधी सगळं बाहेर. मग काही महिने औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा. सगळं शांत झालं की दुसरं ऑपरेशन आणि मग नवा.”

“काही महिने?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच चपलांच्या दुकानापर्यंत गेला नसता. “आणि दुकानात उभं राहणं?”

“त्या काळात घरातल्या घरात, आधार धरून. इस्त्रीच्या टेबलाशी नाही.”

घरी आल्यावर लेकीचा फोन. ती परगावी असते आणि फोनवरून घर चालवते. “आई, देवाने खूण केली म्हण आणि दुकान बंद कर.”

“देवाने गुडघ्यात खूण केलीय, दुकानात नाही,” असं म्हणून काकूंनी फोन ठेवला खरा, पण त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. बंद केलं नाही तर दुकान काकांच्या हाती. काका मनुष्य सोन्यासारखा, फक्त त्यांच्या हाती इस्त्री देऊ नये. काकू दवाखान्याच्या खेपा घालत असताना त्यांनी एका बँकवाल्याच्या विजारीची घडी अशी काही पाडली होती, की तो सरळ चालला तरी कोपऱ्यावर वळतोय असं वाटे. काही महिने काका म्हणजे गिऱ्हाइकं पलीकडच्या चौकातल्या यंत्राने इस्त्री करणाऱ्या दुकानात. आणि गेलेलं गिऱ्हाईक माहेरी गेलेल्या सुनेसारखं नसतं, ते परत येत नाही.

दोन दिवसांनी गाण्याचे मास्तर आले. हातात फिक्या रंगाचा रेशमी कोट, चेहरा बेसूर. शनिवारी त्यांचा कार्यक्रम होता.

“डाग पडलाय, काकू.”

“कसला?”

“तेच तर कळत नाही. पडलेला दिसला.”

“काय चोळलंत?”

“काही नाही.”

काकूंनी कोट उजेडात धरला. मधोमध पांढुरकं, कडेला पिवळसर वलय. नाकाशी नेला. त्यांना लिंबाचा वास आला, सोड्याचा आला, खाली आणखी कसला तरी आला. मूळ डागाचा मात्र येईना.

“मास्तर,” काकू म्हणाल्या, “डाग आहे तसा आणला असतात तर त्याने स्वतः सांगितलं असतं, मी तेल आहे की रस्सा आहे की गंज. मग मी त्याच्या जातीचं औषध लावलं असतं. तुम्ही चोळलंत. आता तो नुसता म्हणतोय, मी आहे. कोण आहे ते काही सांगत नाही! डाग गेला नाही, फक्त त्याचं नाव पुसलं गेलं. आणि वर म्हणता, काही चोळलं नाही!”

मागून इस्त्रीची खटखट थांबली.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” काका कुणाशीही न बोलल्यासारखे म्हणाले.

पुढचं कुणालाही पाठ असतं. काकू कोट हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला, आणि मास्तरांना वाटलं आता आपलं काही खरं नाही. पण काकू एवढंच म्हणाल्या, “शनिवारी सकाळी न्या. प्रयत्न करते.” मास्तर इतके घाबरले की पावती न घेताच पळाले. काकूंनी ओरडायचं सोडलं म्हणजे दुखणं गंभीर असणार, ही बातमी संध्याकाळपर्यंत रस्ताभर झाली.

“अहो,” काकू म्हणाल्या, “छत्री घ्या. दवाखान्यात जायचंय.”

“पाऊस कुठे आहे?”

“मला आधाराला काहीतरी हवं ना! काठी घेतली तर लोक विचारतात.”

डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये पाणी पीत होते. काकू समोर बसल्या. पिशवीतून मोकळी पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि ती पुढे सरकवली.

“मी हे घेतलं होतं. तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा. आठवडाभर.”

डॉक्टरांनी पट्टी उलटी केली, सुलटी केली. त्यांच्या कपाळाची शीर दिसू लागली. “काकू, मी ओरडणार नाही. फक्त खरं सांगा. हे तुम्हाला दिलं कुणी?”

“तुम्ही.”

“मी?”

“तुमच्या कोटाच्या वरच्या खिशाने. मी परत आणलं होतं. तुम्ही म्हणालात, राहू द्या, तुमच्याकडेच.”

डॉक्टरांचं तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं होतं. ते तसंच थोडा वेळ उघडं राहिलं आणि मग आवाज न करता मिटलं. कपाटापाशी उभ्या असलेल्या सिस्टर अचानक खालच्या कप्प्यात काहीतरी शोधू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

“दोघांनी मिळून केलेलं दिसतंय,” काका म्हणाले. “मी फक्त पाणी दिलं होतं.”

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गोळ्यांनी जंतू मेले नव्हते, नुसते दबले होते. हे बेटे धातूवर स्वतःभोवती एक चिकट थर करून बसतात आणि त्या थरात गोळ्यांचा शिरकाव होत नाही. सुईने काढलेल्या पाण्यात जे चार चुकार आले असतील ते औषधाने इतके मलूल, की प्रयोगशाळेत उगवायची ताकद त्यांच्यात नाही.

“म्हणजे इस्त्री फिरवलेला डाग,” काकू म्हणाल्या. “वरून दिसत नाही. बसलेला मात्र पक्का.”

“अगदी.”

“तो मग धुऊन जात नाही. तेवढं कापडच बदलावं लागतं.”

“म्हणूनच सांधा बदलावा लागणार. ते काही टळत नाही. पण तुम्ही खरं सांगितलंत, तेव्हा एक करता येईल. दोन आठवडे काहीच घ्यायचं नाही. दुखण्याची साधी गोळी चालेल. जंतू पुन्हा डोकं वर काढतील, मग परत सुई घालू. या वेळी तरी नाव सांगतील अशी आशा. ताप आला, गुडघा लाल झाला, तर मात्र दोन आठवडे नाहीत, त्याच तासाला फोन.”

काकूंच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड इलाज हाच. डाग दिसतोय आणि हात लावायचा नाही! गुडघा पुन्हा तापला, रात्री ठणकला, जिना डोंगर झाला. काकू त्याला उशीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या, शिक्षा झालेल्या मुलाकडे बघावं तशा. काकांनी खबरदारी म्हणून पत्र्याचा डबा लपवला. कुठे, तर कपडे वाळवायच्या यंत्रावर, जिथून तो रस्त्यावरच्या माणसालाही दिसायचा. काकूंनी तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. नवऱ्याने एवढ्या प्रेमाने काही लपवलं असेल तर ते सापडू नये, एवढी समज त्यांना होती.

दुसऱ्यांदा सुई घातली. काकूंनी निघण्यापूर्वी आरशात बघून स्वतःलाच बजावलं होतं, ‘आहे तसा न्यायचा.’ आठवडा उलटत आला आणि डॉक्टरांचा फोन वाजला.

“उगवला!” डॉक्टर ओरडलेच. रोग सापडल्याचा असा आनंद दोघांनाच होतो, एक वैद्याला आणि दुसरा लाँड्रीवाल्याला. “नाव लांबलचक आहे, ते सोडा. माणसाच्या कातडीवर नेहमी राहणारा साधाच जंतू.”

“माझ्याच कातडीवरचा?” काकू म्हणाल्या. “म्हणजे घरभेद्या.”

“हो. पण कोणत्या औषधांना दबतो तेही कळलंय, आणि ती आपल्याकडे आहेत. हाड चांगलं, कातडी चांगली. काकू, एका खेपेत करून बघू या. शंभर टक्के वचन देत नाही.”

“मीही गिऱ्हाइकाला देत नाही,” काकू म्हणाल्या. “प्रयत्न करते म्हणते.” आणि फोन ठेवल्यावर पदराने, म्हणजे हाताला आलेल्या कुणाच्या तरी धुतलेल्या उशीच्या अभ्र्याने, डोळे पुसले. तो अभ्रा परत धुवावा लागला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर रुग्ण साधारणपणे पाणी मागतात किंवा घरच्यांना विचारतात. काकूंनी डॉक्टरांची उलटतपासणी घेतली.

“आत नीट धुतलंत?”

“खरवडून काढलं, मग भरपूर पाण्याने धुतलं.”

“आणि जुना काढला त्याच हत्यारांनी नवा बसवलात?”

“नाही हो. हत्यारं नवी, हातमोजे नवे, अंगावरचे झगे, खालच्या चादरी, सगळं बदललं. मगच नवा.”

“शाब्बास,” काकू म्हणाल्या आणि झोपल्या. दवाखान्यातल्या माणसांनी आपल्या डॉक्टरांना शाबासकी मिळताना प्रथमच पाहिली. डॉक्टर त्या दिवशी जरा ताठ चालत होते म्हणे.

पुढे शिरेतून औषध, मग कितीतरी आठवडे गोळ्या. या वेळी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. काका घड्याळ लावून पेला घेऊन उभे राहायचे. दुकान त्यांनीच चालवलं, जसं जमलं तसं. काकू घरून फोनवर सूचना द्यायच्या आणि काका ‘हो, हो’ म्हणत कॉलर जाळायचे. काही गिऱ्हाइकं गेली. पण बरीच टिकली. बँकवाला तर मुद्दाम यायचा. म्हणाला, काकू परत येईपर्यंत मी वाकडा चालीन.

काकू परत आल्या त्या एका उंच स्टुलासकट. रक्ताचे आकडे उतरले होते, गुडघा डाव्यासारखाच गार होता. अजून बराच काळ लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अर्धा वेळ उभं, अर्धा वेळ बसून, असं ठरलं होतं. काकू ते पाळतात. स्टुलावर बहुधा काका बसलेले असतात.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः आले. हातात पांढरा कोट. त्याचे सगळे खिसे त्यांनी आधीच उलटे करून आणले होते. तहानलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखे ते बाहेर लोंबत होते.

“बघा काकू, रिकामे,” डॉक्टर अभिमानाने म्हणाले. “फक्त बाहीवर एक लहानसा डाग आहे.”

काकूंनी बाही उजेडात धरली. ठिपक्याभोवती पांढरट वलय होतं. आज मात्र त्यांनी कापड नाकाशी नेलं नाही. चेहरा शांत ठेवला, आवाज मऊ केला.

“डॉक्टर, मी ओरडणार नाही. फक्त खरं सांगा. काय चोळलंत?”

डॉक्टरांनी पाटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

“टूथपेस्ट,” डॉक्टर म्हणाले.

समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मान वर केली, घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने पुन्हा चपला लावायला घेतल्या.